आतले बूट

मला ती बाई पहिल्या दिवशीच आवडली नाही. तिच्यामुळे माझ्या मुलीचं भलं झालं हे मी चार माणसांत सांगते, तरी ती मला अजून आवडत नाही. भलं करणारी माणसं आवडलीच पाहिजेत असा काही नियम नाही.

आमचं गाव नदीच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात, वडगाव रासाईच्या बाजूला. पूल ओलांडला की दौंड तालुका. दौंडला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्या बाईचं, म्हणजे मॅडमचं, फिजिओथेरपीचं सेंटर होतं. मुलीला पहिल्यांदा तिथं नेली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. जन्मताना तिला श्वास उशिरा मिळाला होता. त्यामुळं डोकं तल्लख, जीभ जरा जड, आणि पाय ताठ. टाचा जमिनीला टेकायच्याच नाहीत. बगलेत धरून उभी केली की चवड्यांवर उभी राहायची आणि गुडघे एकमेकांना घासायचे.

मॅडमनं तिला गादीवर घेतलं, पाय वाकवून बघितला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय गं पिल्लू, घरी तुझे व्यायाम कुणी घेत नाही का?" नमस्कार नाही, बसा नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात ते हेच. आधीच्या डॉक्टरांनी दाखवलेले व्यायाम मी रोज घेत होते. फुलं तोडून आले की हात धुवायचे आणि पोरीचे पाय मांडीवर घ्यायचे, हे माझं वर्षभर चाललेलं. पण बाईला उत्तर नकोच होतं. मला ती 'आई' म्हणायची. तिथं येणाऱ्या सगळ्याच बायकांना 'आई' म्हणायची, म्हणजे कुणाचं नाव लक्षात ठेवायला नको.

काही महिन्यांनी मुलीच्या पायांचं माप घेऊन प्लास्टिकचे स्प्लिंट बनवले. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत, मागून आधार देणारे. ते नुसते घालून फरशीवर उभं केलं तर पाय सरकतो, म्हणून त्यावर बूट घालायचे. मॅडमनं मला समोर बसवून सांगितलं, की जागी असेल तेवढा वेळ हे पायात पाहिजेत. मूल वाढतं, हाड लांब होतं, पण टाचेमागची शीर तेवढी लांबत नाही. मग ती आखडत जाते आणि एक दिवस पुण्याला नेऊन कापावी लागते. कापल्यावर प्लास्टर, प्लास्टरनंतर पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी त्या दिवशी परतताना पुलावर गाडी थांबवून मुलीच्या टाचेमागं बोट लावून बघितलं. मांज्यासारखी ताणलेली शीर होती. ती कापायची वेळ येऊ द्यायची नाही, एवढं एकच मी मनाशी धरलं.

घरी आले आणि स्प्लिंट-बूट घालून मुलीला भिंतीला टेकवून उभी केली. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ते भाईर."

आमच्या घरात चपला ओट्यापर्यंत. सासूबाईंचं माहेर कवठे येमाईचं. यमाईचा टाक त्यांनी माहेरच्या श्रद्धेनं देव्हाऱ्यात बसवलेला, आणि देव्हारा बाहेरच्या मोठ्या खोलीत, कारण स्वयंपाकघरात जागा नाही. त्यामुळं अख्खं घरच देवघर झालेलं. निवडणुकीत मतं मागायला आलेले उमेदवार ओट्यावर बूट काढून आत यायचे. सासरे शेवटच्या आजारात असताना घरी आलेल्या डॉक्टरलाही त्यांनी बूट काढायला लावले होते, आणि तो मुकाट्यानं नुसत्या मोज्यांवर आत आला होता. तिथं माझं काय चालणार? मी म्हटलं, "आत्या, हे औषध आहे." त्या म्हणाल्या, "औषध आसंल तर ताटात घालून आण. पायताण देवापुढं यायचं न्हाई." नवऱ्यानं रात्रपाळीची झोप काढायला गोधडी डोक्यावर ओढून घेतली. कंपनीत तो युनियनच्या सभेत बोलतो, घरात नाही.

मग ओटा. रोज मुलीला बूट घालून ओट्यावर खांबाला धरून उभी करायची. थोडा वेळ मी बसायचे तिच्यापाशी. पण शेवंतीचे दिवस असले की फुलं निवडायची असतात, भाकरी टाकायच्या असतात, गाईला वैरण टाकायची असते. घर सगळं आत. टीव्ही आत, चूल आत, आजी आत, भाऊबंदांची पोरं खेळायला आली तर तीही आत. आणि ही एकटी बाहेर, खांबाला धरून. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, हिवाळ्यात नदीवरून वारा यायचा. तिला बूट म्हणजे काय ते फार लवकर कळलं. बूट म्हणजे घराबाहेर काढणं. माझ्या हातात स्प्लिंट दिसले की ती पायाची बोटं मुठीसारखी आवळून घ्यायची आणि मग ते पाय आत घालायला मला घाम फुटायचा. तासाभरात रडून रडून बेजार. मी काढून घ्यायचे.

सेंटरला मॅडम पाय बघायची आणि ओळखायची. एकदा म्हणाली, आई, तुम्ही फार मऊ आहात, मूल रडलं की तुम्ही विरघळता. मी सरळ सांगितलं, मॅडम, आमच्या घरात बूट चालत नाहीत, देव्हारा आहे, सासूबाईंचं कडक आहे, मी तिला ओट्यावर उभी करते. काही लपवलं नाही. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, काहीतरी मार्ग काढेल. ती हसली. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या मुलीकडं बघूनही हसली. आणि म्हणाली, "मग देवालाच सांगा ना, आई, तिच्या टाचा खाली आणायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खरं म्हणजे मी स्वतः सासूबाईंना मनातल्या मनात याहून वाईट बोलले होते. पण ते माझं. माझ्या सासूला, माझ्या देवाला मी काय म्हणायचं ते म्हणेन, ही कोण? नदीपलीकडून आमच्या घरात बोट घालणारी ही कोण? मी मुलीला उचललं आणि व्यायाम अर्धवट टाकून निघाले. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं, आणि त्यात चवीपुरतं मीठही घातलं. सासूबाईंनी आधी जेवण उरकलं. हात धुताना म्हणाल्या, पुढच्या खेपेला मी येती.

आम्ही नेहमी सकाळी लवकर जायचो. त्या दिवशी सासूबाईंची पूजा, मग बाजाराची फुलं, मग वडापची जीप मिळेपर्यंत दुपार झाली. सासूबाई जिना चढल्या आणि दारातच थांबल्या. दारावर पाटी होती. मी ती पाटी दर खेपेला बघायचे आणि कधी वाचलीच नव्हती. सासूबाई तिसरी शिकलेल्या, त्यांनी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचली. चपला-बूट बाहेर काढावेत.

आत मॅडम एका मुलाला चालवत होती. त्या मुलाच्या पायात स्प्लिंट होते आणि वर बूट. दुपारच्या वेळी मोठी मुलं असायची हे मला माहीतच नव्हतं. सकाळी सगळी लहानगी, अनवाणी, आणि आमच्या मुलीचे बूट तर आम्ही दारातच काढायचो. सासूबाई दारातून हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या सतरंजीवर पायताण चालत न्हाई, आन् माझ्या यमाईपुढं चालावं व्हय?"

मॅडमला आधी कळलंच नाही की ही म्हातारी कोण. मग मुलीला बघून तिच्या ध्यानात आलं. ती म्हणाली, "आजी, या मुलाचे बूट आतले आहेत. ते कधी रस्त्यावर जात नाहीत. बाहेरचे वेगळे."

"मंग हे हिला का न्हाई सांगितलं?"

"हे सगळ्यांना माहीत असतं."

"आमाला न्हवतं," सासूबाई म्हणाल्या.

सेंटरमधल्या सगळ्या आया आमच्याकडं बघत होत्या. मला कुठं बघावं ते कळेना. एवढे दिवस पोर ओट्यावर उन्हातान्हात उभी होती, ती कशासाठी? बुटांच्या एका वेगळ्या जोडासाठी. मॅडमनं विचारलं नाही की आजींना नेमकं काय चालत नाही. सासूबाईंनी विचारलं नाही की बूट रस्त्यावरचेच हवेत का. आणि मी दोघींच्या मधे निरोप नेणारी, मला दोन्हीकडून शिव्या. इकडं मी मऊ, तिकडं मी देवाधर्माला न मानणारी. त्या क्षणी मला दोघींनाही जिन्यावरून खाली ढकलून द्यावंसं वाटलं, आणि हे मी जराही वाढवून सांगत नाही.

शिरूरच्या बाजारात सासूबाईंनी बूट घेतले. त्याआधी मॅडमनं कापडी चालतील, तळ कडक पाहिजे, एवढं सांगितलं होतं. चामड्याचे नकोत हे सासूबाईंनी सांगितलं. दुकानदारानं जोड खाली फरशीवर ठेवला तर त्यांनी तो परत केला आणि दुसरा मागितला, जो जमिनीला लागलेला नाही. मुलीच्या पायात घालून बघायचा तोही तिला काउंटरवर बसवून. दुकानदार गंमतीनं म्हणाला, आज्जी, बूट काय सोवळ्यातले हाईत काय? सासूबाई म्हणाल्या, व्हय. घरी आल्यावर त्यांनी बुटांवर गोमूत्र शिंपडलं, हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्याकडं वळून सांगितलं, "हे पायताण न्हाई. हे अवजार हाय." तेच मी पहिल्या दिवशी औषध म्हणून सांगत होते. पण सुनेनं सांगितलं की ते खूळ आणि स्वतःच्या तोंडून निघालं की शास्त्र. खंडेनवमीला खुरपी, विळे, फवारणीचा पंप यांच्या रांगेत ते बूटही मांडले, झेंडूचं फूल वाहून. त्याचा फोटो नवऱ्यानं मॅडमला पाठवला. मॅडमनं उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं, बस.

तुम्हाला वाटेल, आता गोडीगुलाबी झाली. कुठली! आगीतून उठून फुफाट्यात पडले मी.

सासूबाईंनी ते बूट असे हातात घेतले की विचारू नका. सकाळी पोरीचे डोळे उघडायच्या आत स्प्लिंट चढवलेले. रडली तर रडू दे. जेवताना उभी, टीव्ही बघताना उभी, भिंतीला धरून इकडून तिकडं. मॅडमनं सांगितलं त्याहून दुप्पट. मी पाय चोळायला घेतले तर म्हणायच्या, "तू लाड कर, मंग टाच वर जाईल." मॅडमचा फोन आता मला येत नव्हता, आजींना यायचा. दोघी एकमेकींना सहन करत नव्हत्या, हे मला दोघींच्या आवाजावरून कळायचं. सासूबाई फोन ठेवला की "लई शानी" म्हणायच्या आणि मॅडम मला म्हणायची, आजींना जरा सांगा, मुलगी म्हणजे बैल नाही. पण काम म्हटलं की दोघी एक. दोघींचं एकमत झालेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी मऊ. आई मी, आणि माझ्याच घरात मला पोरीचे बूट काढायची परवानगी मागायची वेळ आली.

मुलगी सगळ्यांवरच चिडायची. तिची जीभ जड, त्यामुळं शब्द थोडे आणि तिखट. आजीच्या अंगावर बूट फेकायची, मॅडमच्या हाताला चावायची, मला तर मारायचीच. तिचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. सगळा दिवस आपल्याला धरणारे, वळवणारे, ओढणारे हात असले तर कुणाला राग येणार नाही?

पण टाचा खाली आल्या. आधी उजवी. भिंतीवर तिच्या हाताच्या तळव्यांचे डाग पडले, काळपट, एका उंचीवर, देव्हाऱ्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. नवरा दिवाळीला भिंतीला रंग द्यायचं म्हणाला तर सासूबाईंनी त्याला हाकललं. डावी टाच मात्र अडून बसली. तिला सहा वर्षं पूर्ण झाल्यावर पुण्याच्या सर्जननं तपासलं आणि म्हणाला, डावीची शीर दिवाळीनंतर कापून टाकू, तुमच्या फिजिओचं मत घेऊन या.

इथं मी स्पष्ट सांगते. मला ते ऑपरेशन हवं होतं. आधी ज्याला मी एवढी घाबरत होते तेच आता मला बरं वाटायला लागलं होतं. एकदा कापावं, प्लास्टर घालावं, त्या काळात तरी कुणी तिला बूट घालणार नाही, तिचं रडणं थांबेल. मी थकले होते. कुणाला वाईट वाटायचं असेल तर वाटो.

मत विचारायला मी फोन केला तर मॅडम म्हणाली, घरी येऊन बघते, मूल घरात कसं चालतं ते बघितल्याशिवाय मी मत देत नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती पूल ओलांडून आमच्याकडं आली. ओट्यावर कुणी न सांगता सॅंडल काढले, हे मी बघितलं. सासूबाईंनीही बघितलं. चहा झाला. मुलीनं तिच्याकडं बघून तोंड फिरवलं आणि भिंतीला धरून उभी राहिली, आमच्यापासून लांब, दाराच्या बाजूच्या कोपऱ्यात.

मॅडम म्हणाली, ऑपरेशन आत्ता नको. टाच येतेय, हळू येतेय. मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात कापा, तर कापू द्या. एकदाचं मोकळं होऊ द्या तिला. मॅडमनं कप खाली ठेवला.

"आई, तुम्हाला कंटाळा आलाय. कंटाळा हे ऑपरेशनचं कारण नसतं."

"तुम्ही आठवड्यातून एकदा बघता," मी म्हटलं, "मी रोज तिचं रडणं ऐकते."

"मी काय बहिरी हाय?" सासूबाई म्हणाल्या. "मीबी ऐकती. तरीबी पोरीला कापायचं न्हाई."

मग जे सुरू झालं त्याला मी भांडण म्हणणार नाही, ती झोंबी होती. ओट्यावरचे दिवस निघाले, देवाला सांगा म्हणालेलं निघालं, 'मऊ' निघालं. मॅडम म्हणाली, तुमच्या घरात एक जण मुलीला जास्त धरतं आणि एक जण जास्त ढकलतं, मी काय करू? सासूबाई म्हणाल्या, तुम्ही सांगायचं तवा सांगितलं न्हाई आन् आता शानपना शिकवता. मी दोघींना म्हटलं, तिच्या पायांवर तुम्ही दोघी आपापला हट्ट चालवताय. आवाज एवढे चढले की शेजारीण दारात येऊन परत गेली.

मुलीनं भिंत सोडली.

आधी मलाच दिसलं. तिच्या हातात काही नव्हतं, ना भिंत, ना खाट, ना कुणाचा पदर. तोंड दाराकडं. चेहरा लाल, ओठ आवळलेले, सासूबाई भांडताना करतात तसे. एक पाय टाकला, खांदे डोलले, दुसरा टाकला. डावी टाच उशिरा टेकली, पण टेकली. सासूबाई उठायला लागल्या, मी उठलेच होते. मॅडमनं एका हातानं त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं माझा पदर ओढला.

"धरू नका," ती हळू म्हणाली. "कुणीही धरू नका."

मुलगी मधली फरशी ओलांडून गेली. चौकटीला दोन्ही हातांनी धरलं, उंबऱ्यावरून एक पाय पलीकडं टाकला, मग दुसरा. आतले बूट ओट्याच्या धुळीत गेले. सासूबाईंचं तोंड उघडलं. मी त्यांच्याकडं बघत होते. ते तसंच मिटलं.

तिनं वळून बघितलं नाही. पाठमोरीच म्हणाली, सावकाश, एकेक शब्द काढत, "हितं, कुणी, येऊ नका."

कुणी गेलं नाही. लोकांच्या मोबाइलमध्ये मी बघितलं होतं, पोर पहिलं पाऊल टाकतं ते हात पसरून बसलेल्या आईकडं. मीही मनात तसंच रंगवलं होतं, कितीदा तरी. माझ्या पोरीनं पहिली पावलं टाकली ती माझ्याकडं पाठ करून. मला रडू आलं आणि त्यात निम्मा राग होता. मॅडम पदराची पकड सोडून म्हणाली, डॉक्टरांना मी सांगते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबू. मी नको म्हटलं नाही. सासूबाई भिंतीवरच्या डागांकडं बघत होत्या. आम्ही तिघी एकमेकींकडं न बघता बसून राहिलो, गार झालेला चहा पुढ्यात, आणि बाहेरून तिचा श्वास ऐकू येत होता, जोरजोराचा.

तिला आम्ही तिघीही नको होतो. आणि आता तिला आमच्यातून उठून जाता येत होतं.